तासाचं भाडं, साडेपाच तासांचं बिल

एक हिशेब पुण्यात हल्ली फार ऐकू येतो. कोरेगाव पार्कातल्या पार्टीत ऐकू येतो, हिंजवडीच्या कँटीनमध्ये ऐकू येतो, आणि डेस्टिनेशन वेडिंगची बोलणी चालू असली तर हमखास येतो. छोट्या जेटचं भाडं तासाला दीड लाख, पुणे-गोवा तासाभराचं अंतर, सहा जण बसले तर माणशी पंचवीस हजार. मग विमानतळावर रांगेत ताटकळायचं कशाला? सांगणाऱ्याचा आवेश असा, की उद्योगपतींनी ही युक्ती इतकी वर्षं सामान्य माणसापासून लपवूनच ठेवली होती.

यातला भागाकार बरोबर आहे. बरोबर एवढंच आहे.

दीड लाखाचा आकडा तूर्त सोयीसाठी धरून चालू. विमान कोणतं आणि किती मोठं यावर तो खाली-वर होतो. पंख्याच्या टर्बोप्रॉपला कमी पडतं, मोठ्या जेटला कितीतरी जास्त. खरा घोळ ‘तास’ या शब्दापाशी आहे. चार्टर कंपनी प्रवाशाचे तास मोजत नाही, विमानाचे मोजते. विमान आपल्या मुक्कामाच्या विमानतळावरून हलतं तिथपासून ते परत तिथे टेकेपर्यंतचा सगळा वेळ बिलात चढतो, मग आत माणूस बसलेला असो वा नसो. आणि भाड्याने मिळणारी बरीचशी जेट पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उभी नसतात. ती असतात मुंबईत किंवा दिल्लीत.

तोच पुणे-गोवा प्रवास आता कोटेशनच्या कागदावर मांडून पाहू. विमान मुंबईचं मिळालं, तर मुंबई-पुणे रिकामं अर्धा तास, पुणे-गोवा एक तास, गोवा-मुंबई पुन्हा रिकामं एक तास. झाले अडीच तास, म्हणजे पावणेचार लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४ लाख ४२ हजार ५००. माणशी साधारण ७४ हजार. हे झालं नशीब चांगलं असेल तर. लग्नसराईत मुंबईची विमानं गेलेली असतात आणि ब्रोकर दिल्लीचं विमान काढून देतो. दिल्ली-पुणे दोन तास, पुणे-गोवा एक, गोवा-दिल्ली अडीच, एकूण साडेपाच. सव्वाआठ लाख, जीएसटीसह ९ लाख ७३ हजार ५००. माणशी एक लाख बासष्ट हजार, तेही फक्त जाण्याचे. लँडिंग, पार्किंग आणि हँडलिंगचे पैसे वेगळे लागले तर ते याच्यावर. विमान गोव्यात थांबवून ठेवलं, तर वैमानिकांचं हॉटेल आणि रात्रभर थांबण्याचं शुल्क, म्हणजे नाइट हॉल्टही आला.

गंमत अशी, की ही पद्धत पुणेकराला मुळीच नवी नाही. अष्टविनायकाला इनोव्हा ठरवताना ‘रोजचे किमान ३०० किलोमीटर, ड्रायव्हर भत्ता वेगळा, टोल-पार्किंग तुमच्याकडे’ हे तो न विचारता गृहीत धरतो. गाडी नाशिकहून मागवली तर नाशिक ते पुणे रिकामी येण्याचे पैसे कोण देणार, हेही त्याला कळतं. विमान म्हटलं की हाच माणूस हे सगळं विसरतो. चार्टरलाही बहुतेक ठिकाणी दिवसाचं किमान बिल असतं, साधारण दोन तासांचं. अर्ध्या तासाच्या पुणे-मुंबई उड्डाणाला अर्ध्या तासाचेच पैसे लागतील असं समजणाऱ्याने एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुरे.

इथे हिशेबवाला पुढचा पत्ता टाकतो: ‘एम्प्टी लेग’. रिकामं परतणारं विमान स्वस्तात मिळतं, हे खरं आहे. ऑपरेटरला त्या फेरीचे पैसे आधीच्या ग्राहकाकडून मिळालेले असतात, त्यामुळे वर येईल ते त्याच्या दृष्टीने फायद्यातच. पण ती फेरी कुठून, कुठे आणि किती वाजता हे तो आधीचा ग्राहक ठरवतो. त्याने बेत रद्द केला की आपलं स्वस्त विमानही गेलं. शिवाय ही सोय एकाच बाजूची. परतीचं तिकीट आपलं आपण काढायचं. रविवारी दुपारी अहमदाबादला जायला ज्याला सहज जमतं आणि सोमवारी नाही गेलं तरी चालतं, अशा मोकळ्या माणसासाठी एम्प्टी लेग ठीक आहे. मुहूर्त गाठायचा असलेल्या वऱ्हाडासाठी नाही.

दुसरा गैरसमज पहिल्याचाच भाऊ: आपलं विमान, आपली वेळ, वाटेल तेव्हा उडायचं. पुण्यात हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी हवाई दलाची. प्रवासी विमानतळ हा त्या तळावरचा नागरी भाग. लढाऊ विमानांच्या सरावातून उरलेल्या वेळात नागरी विमानांना जागा मिळते, त्या जागेत आधी एअरलाइन्सचं वेळापत्रक बसतं, आणि चार्टरला उरलेल्या फटीत स्लॉट मागावा लागतो. धावपट्टीच्या डागडुजीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस लोहगावची नागरी उड्डाणं पूर्ण बंद होती. ज्यांच्याकडे जेट होतं त्यांच्यासाठी कोणी वेगळी धावपट्टी काढून दिली नाही.

विमान मुंबईहून येणार असेल तर मुंबईचा जाचही आपल्या बोकांडी बसतो. गर्दीमुळे उड्डाणं लांबतात म्हणून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत खासगी जेटवरच्या बंदीची वेळ दिवसाला चार तासांवरून आठ तासांवर नेली. म्हणजे पुण्यातल्या ग्राहकाने सकाळी नऊची वेळ मागावी आणि ऑपरेटरने हात वर करावेत, यात ऑपरेटरचा आडमुठेपणा नसतो. गोव्यात उतरायचं तर दाभोळी हा नौदलाचा ‘हंसा’ तळ. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचा वेळ तिथे नौदलाच्या सरावाला जातो. त्या मानाने जानेवारी २०२३ पासून सुरू झालेलं गोव्याचंच मोपा विमानतळ सोयीचं.

विमानाच्या शिडीवर नवरा-नवरीचा फोटो, हा या सगळ्या खटाटोपामागचा अर्धा हेतू असतो हे कबूल करायला कोणी तयार नसतं. लोहगावला तोही बेत बारगळतो. लष्करी तळावर फोटो काढायला मनाई आहे, आणि ती चार्टरच्या पाहुण्यांनाही लागू आहे. ओळखपत्र आणि सामानाची तपासणीही चुकत नाही.

आता ‘शेअर्ड ओनरशिप’. चार मित्रांनी मिळून विमान घ्यायचं, खर्च चौघांत वाटायचा, उरलेल्या दिवशी भाड्याने देऊन पैसे वसूल करायचे, अशी ही कल्पना. मूळ पद्धत अशी नव्हती. रिचर्ड सँतुली हा गणित शिकलेला, गोल्डमन सॅक्समधून बाहेर पडलेला अमेरिकन. त्याने १९८४ मध्ये एक्झिक्युटिव्ह जेट ही कंपनी विकत घेतली आणि १९८६ मध्ये नेटजेट्स ही योजना काढली. ग्राहक विमानाचा सोळावा हिस्सा घेतो, त्याबदल्यात त्याला वर्षाला ५० तासांचं उड्डाण मिळतं. वर दरमहा व्यवस्थापन शुल्क आणि उडाल्या तासांचे पैसे वेगळे. या योजनेची खरी मेख हिश्शात नव्हती. फोन केला की विमान मिळेल याची हमी होती, आणि ते ‘तुमचंच’ विमान असेल याची हमी नव्हती. मोठ्या ताफ्यातलं जवळचं विमान पाठवायचं, म्हणजे रिकाम्या फेऱ्या कमी होतात, हे सँतुलीचं गणित. वॉरन बफे आधी ग्राहक झाले आणि १९९८ मध्ये त्यांच्या बर्कशायर हॅथवेने ७२ कोटी ५० लाख डॉलर देऊन आख्खी कंपनीच घेतली. त्याआधी कंपनीसाठी घेतलेल्या जेटला याच बफेंनी ‘इनडिफेन्सिबल’, म्हणजे ‘समर्थन करता येणार नाही असं’, हे नाव दिलं होतं. भागधारकांना टोमणे मारायची संधी तरी कशाला द्यायची!

चार मित्र आणि एक विमान, यात ताफाच नाही. चौघांनाही ते दिवाळीच्या सुट्टीत हवं असतं, चौघांच्याही घरची लग्नं त्याच मुहूर्तांवर असतात, आणि ते देखभालीसाठी हँगरमध्ये गेलं की चौघेही जमिनीवर. हँगरभाडं, विमा, दोन वैमानिकांचे पगार आणि त्यांचं सिम्युलेटर प्रशिक्षण विमान न उडताही चालूच राहतं. आणि जमिनीतल्या हिश्शासारखी याची किंमत वाढत नाही, घटते. भारतात क्लब वन एअरने २००५ पासून हिस्सेदारीची कल्पना आणली, पण अमेरिकेसारखा मोठा ताफा आणि तिथल्यासारखं विमानतळांचं दाट जाळं इथे नसल्याने ती काही हजारो ग्राहकांपर्यंत पोचली नाही. इथला व्यवहार मुख्यतः साध्या चार्टरवरच चालतो.

भाड्याने देऊन पैसे वसूल करण्याचा भाग तर थेट नियमात अडकतो. खासगी वापरासाठी नोंदवलेलं विमान पैसे घेऊन उडवता येत नाही. त्यासाठी हवाई वाहतुकीच्या नियामकाचं, म्हणजे डीजीसीएचं, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं, आणि परमिटसोबत पात्र कर्मचारी, देखभालीची व्यवस्था, सुरक्षा तपासण्या असा सगळा संसार येतो. ‘मित्राचं विमान आहे, पेट्रोलपाण्याचे पैसे देऊन टाकू’ हा व्यवहार म्हणूनच बेकायदा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. उलट्या बाजूनेही लोकांनी हुशारी करून पाहिली आहे. २००७ मध्ये परमिटधारकांना आयात शुल्कात सवलत मिळाली, तेव्हा अनेक उद्योगांनी चार्टरच्या नावाने विमानं आणून मालकांसाठी वापरली, असा ठपका ठेवत कस्टम्सने नोटिसा काढल्या आणि ती प्रकरणं वर्षानुवर्षं न्यायाधिकरणांत चालली. वैयक्तिक वापराच्या विमानावर तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच ४० टक्के आहे.

बाकीचे समज एकेका ओळीचे धनी. जेट मुंबईतल्या जुहूला उतरत नाहीत. तिथली धावपट्टी हेलिकॉप्टर आणि लहान विमानांपुरती आहे. चार्टर घेतलं म्हणून वैमानिकाला दटावून उडवता येत नाही. जायचं की नाही हा शेवटचा शब्द त्याचा, आणि त्याच्या ड्यूटीच्या तासांनाही मर्यादा आहे. २ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी पुण्याजवळ बावधनच्या डोंगरात हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा जीव गेला, तेव्हाच्या बातम्यांत धुक्याचा उल्लेख होता. धुकं असताना ‘अहो, दहाच मिनिटांचं तर अंतर’ म्हणणाऱ्या पाहुण्याने तो दिवस आठवावा. सीटवार खासगी उड्डाण अशक्य आहे असंही नाही. २०१९ च्या अखेरीस ब्लेड इंडियाने मुंबई, पुणे आणि शिर्डीदरम्यान सीटवार हेलिकॉप्टर फेऱ्या सुरू केल्या होत्या.

आणि ‘एवढीशी विमानं, त्यांचं प्रदूषण ते काय?’ ‘कम्युनिकेशन्स अर्थ अँड एन्व्हायर्नमेंट’ या नियतकालिकात नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१९ ते २०२३ या काळात खासगी विमानांचं कार्बन उत्सर्जन ४६ टक्क्यांनी वाढलं, आणि जवळजवळ निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरच्या आतली होती. पुणे-गोवा त्यातच बसतं.

एवढं असूनही चार्टरची खरी गरज असणारे लोक आहेत. एअर अॅम्ब्युलन्स हवी असणारा रुग्ण, एका दिवसात तीन शहरांतले कारखाने बघणारा उद्योजक, थेट विमानच नसलेल्या गावी तातडीने पोचायचं असलेलं कुटुंब. त्यांनी आणि हौस म्हणून घेणाऱ्यांनीही आगाऊ रक्कम भरण्याआधी ब्रोकरकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि ते कुठे उभं असतं, ऑपरेटरचा परमिट क्रमांक, जो डीजीसीएच्या यादीशी ताडून पाहता येतो, आणि रिकाम्या फेऱ्या, नाइट हॉल्ट व जीएसटी धरून एकूण रक्कम. यातलं एकही द्यायला टाळाटाळ झाली, तर पैसे भरू नयेत.