इतिहास शिकून पुढें काय?
(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या उन्हाळ्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या मुलीस घेऊन मजकडे आली. मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली, गुण उत्तम, आणि मनांत एकच ध्यास : विद्यापीठांत इतिहास हा विषय घेऊन शिकावयाचें. आई चिंतेंत होती. ती म्हणाली, "गुरुजी, हिनें इतिहास वाचायला माझी ना नाहीं. पण इतिहास शिकून पुढें काय? उद्यां हिला स्वतःच्या पायांवर उभें राहायचें आहे. चौथीला आपणच आम्हांला इतिहास शिकवलात. आतां हिला काय तें आपणच सांगा."

हा प्रश्न आज पुष्कळ सुशिक्षित घरांतून विचारला जातो, म्हणून त्याचा विचार आपणांपुढें मांडावा असें वाटलें. माझा अधिकार लहान आहे, हें आरंभींच सांगतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधीं चढलों नाहीं. परंतु चौथीच्या मुलांस शिवछत्रपतींचा इतिहास अनेक वर्षें शिकविला, आणि निवृत्त झाल्यावर मोडी शिकून पुण्याच्या पुराभिलेखागारांत जाऊन बसूं लागलों. तेथें गेल्यावर आपण मुलांना काय शिकविलें आणि काय शिकवावयाचें राहून गेलें, हें मला उमगलें.

ह्याच विद्यार्थिनीनें लहानपणीं मला वर्गांत विचारलें होतें, "गुरुजी, शिवाजी महाराजांचा जन्म आजोबा वैशाखांतला सांगतात आणि बाबा फाल्गुनांतला. खरें कोणतें?" मीं उत्तर दिलें, "पुस्तकांत असेल तें लिही; गुण त्यालाच मिळतील." मुलगी खालीं बसली. ती इतिहासाचा खरा प्रश्न विचारीत होती, आणि मीं तिला परीक्षेचें उत्तर दिलें. इतिहास शिकणें म्हणजे काय, हें ह्याच उदाहरणानें उत्तम सांगतां येईल.

महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, असें मल्हार रामराव चिटणीस ह्यांच्या बखरींत आहे. ही बखर १८१० च्या सुमाराची. महाराजांचें निधन १६८० सालचें. म्हणजे साक्षीदार सव्वाशे वर्षांनंतर बोलतो आहे. पुढें कारीच्या जेधे देशमुखांच्या घरांतून एक शकावली मिळाली. ती लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत जन्मतिथि आहे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका घरच्या टिपणावर विश्वास कां ठेवावा, असा प्रश्न साहजिकच निघाला. त्यानंतर महाराजांच्याच काळांतील कवींद्र परमानंदाचें 'शिवभारत' हें संस्कृत काव्य तंजावरकडून उपलब्ध होऊन १९२७ सालीं छापलें गेलें. त्यांतही तीच तिथि. दूर जोधपूरकडील कुंडल्यांच्या संग्रहांत महाराजांची कुंडली मिळाली; तीही ह्याच तिथीची. एक मावळांतला देशमुख, एक संस्कृत कवि आणि एक मारवाडांतला ज्योतिषी. ह्या तिघांनीं संगनमत करण्याचें कांहींच कारण नव्हतें. पुढें राज्यशासनानेंही १९ फेब्रुवारी हीच तारीख मान्य केली.

पाहा, येथें सनावळी पाठ करण्याचा संबंध कोठें आला? साक्षीदार कोण, तो घटनेच्या किती जवळचा, त्याचा हितसंबंध काय, दुसरा स्वतंत्र पुरावा त्यास दुजोरा देतो कीं नाहीं, आणि नवा पुरावा पुढें आल्यास आपलें मत सोडण्याची तयारी आहे काय? विद्यापीठांत इतिहास शिकावयाचा तो हें सर्व शिकण्यासाठीं. जो हें शिकला, त्याच्या हातीं एक हत्यार आलें. त्याचा उपयोग कोणकोणत्या व्यवसायांत होतो, हें आतां पाहूं.

परंतु एक गोष्ट आधींच स्पष्ट सांगितली पाहिजे. वैद्यकाची पदवी हा जसा व्यवसायाचा परवाना असतो, तशी इतिहासाची पदवी नसते. बी. ए. झाल्याबरोबर दारांत कोणी नेमणुकीचा कागद घेऊन येत नाहीं. इतिहासाच्या जोडीला दुसरी एखादी विद्या पत्करावी लागते, आणि ही जोड कोणती ह्यावरच पुढचा मार्ग ठरतो. पुष्कळांची निराशा होते ती इतिहास घेतल्यामुळें नव्हे, ही जोड न शोधल्यामुळें.

पहिला मार्ग अध्यापनाचा. माध्यमिक शाळेसाठीं पदवीवर बी. एड. करावें लागतें आणि शिक्षकभरतीच्या परीक्षा द्याव्या लागतात. महाविद्यालयांत शिकवावयाचें तर एम. ए. ला किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांस त्यांत सवलत आहे) आणि त्यावर नेट अथवा सेट ही परीक्षा, किंवा पीएच. डी. मार्ग सन्मानाचा आहे. परंतु कायम जागा थोड्या, आणि तासिकांच्या मानधनावर वर्षानुवर्षें राबणारे तरुण पुष्कळ. हें पालकांपासून लपविणें बरें नव्हे.

दुसरा मार्ग कागदपत्रांचा, आणि येथें मी थोडा अधिक रेंगाळणार आहें. पुण्यास पेशवे दप्तर आहे. त्यांतील कागद कापडांत बांधून ठेविलेले आहेत. त्या गठ्ठ्यांस रुमाल म्हणतात, आणि असे रुमाल तेथें हजारोंनीं आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग रियासतकार सरदेसाई ह्यांनीं संपादिले आणि ते १९३० ते १९३४ ह्या काळांत प्रसिद्ध झाले. तरी जें छापलें तें मूळ संग्रहाच्या मानानें अगदीं थोडें. बहुतेक कागद मोडींत आहेत, आणि मोडी तर विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतून नाहींशी झाली. परिणाम असा कीं, आपल्याच आजोबा-पणजोबांचें लिहिणें आपणांस वाचतां येत नाहीं. २०२३ सालीं महाराष्ट्रांत कुणबी नोंदी शोधण्याचें काम सरकारनें हातीं घेतलें, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसें शोधावीं लागलीं. जमिनीचे जुने व्यवहार, वंशावळी, देवस्थानांच्या सनदा ह्यांसाठींही मोडी जाणकाराकडे लोक येतात. ह्या पुराव्यावर कोणाचें शेत, कोणाचा दाखला अवलंबून असतो. एक अक्षर चुकीचें लागलें तर एखाद्या कुटुंबाचें नुकसान व्हावयाचें. नुसती लिपि येणें येथें पुरत नाहीं. कागद कोणत्या काळाचा, कोणत्या कचेरीचा, अस्सल कीं नक्कल, हें ओळखण्यास इतिहासच शिकावा लागतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत अभिलेख सांभाळण्याचें पदव्युत्तर शिक्षणही मिळतें. फारसी शिकणाऱ्यास मोगल व दक्षिणी दरबारांचे कागद खुले होतात, आणि पोर्तुगीज जाणणाऱ्यास पणजीच्या पुराभिलेखागाराचें दार उघडतें.

तिसरा मार्ग उत्खननाचा व वस्तुसंग्रहालयांचा. पुण्याचें डेक्कन कॉलेज १९३९ सालीं संशोधनसंस्था म्हणून नव्यानें सुरू झालें, आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासांत त्यानें मोठें नांव मिळविलें. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें १९६८ पासून अनेक वर्षें उत्खनन झालें. साडेतीन हजार वर्षांपूर्वीं घोड नदीच्या कांठीं शेती करणारी माणसें घरें कशीं बांधीत, काय पिकवीत, आणि दगावलेलें मूल घराच्याच जमिनीखालीं मडक्यांत कसें पुरीत, हें त्या मातींतून कळलें. तेथें लिहिलेला एक शब्दही नव्हता! ह्या मार्गानें जाणारास पुरातत्त्व अथवा संग्रहालयशास्त्र ह्यांचें पदव्युत्तर शिक्षण घ्यावें लागतें. उन्हातान्हांत हिंडण्याचीही तयारी हवी. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा दुर्गांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांतील अकरा महाराष्ट्रांत असून बारावा तामिळनाडूंतील जिंजी होय. हे किल्ले जपणारीं आणि पाहुण्यांस दंतकथा न सांगतां खरी माहिती सांगणारीं माणसें ह्यापुढें लागणारच.

चौथा मार्ग सर्वांस ठाऊक आहे : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा. तेथें सामान्य अध्ययनांत इतिहास आहे आणि ऐच्छिक विषय म्हणूनही तो घेतां येतो. परंतु अर्ज लाखोंनीं येतात आणि नागरी सेवांच्या जागा वर्षास हजाराच्या आगेंमागें असतात. केवळ ह्या आशेवर कोणी इतिहास घेऊं नये. घेतला तर दुसरी वाटही नजरेंत असूं द्यावी.

ह्याखेरीज पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यास आहे. साक्षीपुरावा तोलण्याची संवय झालेल्या माणसास तो परका वाटत नाहीं. भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे वकिली करीत, आणि धर्मशास्त्राचा इतिहासही त्यांनींच लिहिला. वृत्तपत्रें, प्रकाशनसंस्था, कोशकार्य, माहितीपट ह्या क्षेत्रांतही, ऐकलेलें तपासून मगच लिहिणारा मनुष्य मोलाचा ठरतो.

मग मुलीस काय सांगावें? मीं तिला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली : पदवीच्या पहिल्याच वर्षीं एक लिपि किंवा एक भाषा शिकावयास लाग, तिसऱ्या वर्षाची वाट पाहूं नको. दुसरी : पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक तरी अस्सल कागद दर महिन्याला वाच, आणि त्याविषयीं दोन पानें स्वतः लिही. तिसरी : नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें तीन वर्षांनीं पदवी घेऊन थांबतां येतें अथवा चौथें वर्ष करतां येतें, म्हणून दुसरें वर्ष संपतांना आपली जोडविद्या कोणती, हें घरच्यांसमक्ष बसून ठरीव.

आणि तिच्या आईस म्हणालों, "तिला आवड आहे कीं केवळ गोष्टींची हौस आहे, हें पाहावयाचें असेल तर तिला पुराभिलेखागारांत आठ दिवस बसव. धूळ, कंटाळा आणि न लागणारीं अक्षरें ह्यांनंतरही नवव्या दिवशीं ती आपण होऊन निघाली, तर तिला अडवूं नको."

मुलगी नवव्या दिवशीं आपण होऊन गेली. आज ती पहिल्या वर्षांत शिकत आहे. तिला नोकरी कोणती मिळेल, हें मला सांगतां येणार नाहीं. तसें कोणत्याच मुलाविषयीं सांगतां येत नाहीं. परंतु परवां ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, आपण परवां सांगितलेली ती गोष्ट कोणत्या साधनांत आहे?" मला उत्तर देतां आलें नाहीं. ह्या खेपेस मात्र मीं तिला खालीं बसविलें नाहीं. आम्हीं दोघांनीं कपाटांतून पुस्तकें काढलीं आणि शोधूं लागलों.