चाकांचा खेळ – लेखांक ६ : मालकाच्या जोडीचा चालक

गेल्या दोन लेखांकांत आपण कार्टिंग आणि फॉर्म्युला गाड्यांची शिडी पाहिली. त्यावर मावळातल्या परंदवडीहून एका पालकांचा प्रश्न आला आहे. मुलगा रात्री कॉम्प्युटरवर शर्यतीचा गेम खेळतो आणि म्हणतो, मला स्पोर्ट्‌स कारचा ड्रायव्हर व्हायचंय. पालकांचं म्हणणं असं : "फॉर्म्युला वन ठाऊक आहे, पण त्यात वीस-बावीस जागा. हे स्पोर्ट्‌स कारवाले कोण? आणि त्यांना पगार देतं कोण?"

प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. फॉर्म्युला गाडीची चाकं उघडी असतात, शर्यतभर ती एकच जण चालवतो आणि शर्यत दीड-दोन तासांत आटोपते. स्पोर्ट्‌स कारची चाकं झाकलेली असतात, शर्यत बऱ्याचदा चार, सहा, बारा किंवा चोवीस तासांची असते आणि एक गाडी दोघे-तिघे चालक आळीपाळीने चालवतात. फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत १९२३पासून चालू आहे. तिथली एक फेरी १३.६२६ किलोमीटरची. यात गाड्यांचे दोन ढोबळ प्रकार. 'प्रोटोटाइप' खास शर्यतीसाठी घडवलेल्या असतात, तर 'जीटी' गाड्यांचे पोर्शे, फेरारी, ॲस्टन मार्टिन हे चेहरे रस्त्यावरही दिसतात. रविवारी पहाटे उर्से टोलनाक्यावरून लोणावळ्याकडे भुंगाट जाणाऱ्या गाड्या या दुसऱ्या प्रकारच्या भाऊबंद. मात्र एक्स्प्रेस-वेवर ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेत किंवा ती मोडून जे चालतं, त्याचा शर्यतीशी काडीचा संबंध नाही.

आता पगाराचं. मावळातल्या माणसाला हे समजावायला युरोपात जायची गरज नाही, बैलगाड्याचा घाट पुरेसा आहे. घाटात बारी बारा-तेरा सेकंदांत संपते आणि लाउडस्पीकरवर नाव गाजतं ते गाडामालकाचं. त्याने बैलांच्या खुराकावर, वाहतुकीवर, माणसांवर जे घातलेलं असतं ते बक्षिसातून कधीच वसूल होत नाही. तरी तो दर हंगामात घाटात उतरतो, कारण त्याला उतरायचं असतं. जीटी शर्यतींचं अर्थकारण जवळपास हेच आहे. फरक एवढाच, की इथला गाडामालक स्वतः गाडा हाकायला बसतो!

हे गमतीने म्हणत नाही. २००६मध्ये जीटी३ नावाचा वर्ग सुरू झाला. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या वजन आणि इंजिनाची ताकद कमी-जास्त करून साधारण एकाच वेगावर आणून ठेवायच्या, आणि गाडी कोणीही विकत घेऊ शकेल अशी ठेवायची, ही त्यामागची कल्पना. अशी नवी गाडी पाच लाख युरोंच्या आसपास पडते. ती घेणारा बहुधा उद्योजक असतो; चाळिशी-पन्नाशीचा, धंद्यात कमावलेला, हौशी. त्याला एकट्याने भाग घेता येतो, पण जिंकता येत नाही. म्हणून तो संघाला पैसे देतो आणि संघ त्याच्या जोडीला कसलेला चालक ठेवतो. हा कसलेला चालक म्हणजे आपल्या परंदवडीच्या मुलाचं स्वप्न. त्याची रोजी, बरेचदा, जोडीच्या हौशी माणसाच्या खिशातून येते.

शर्यतीत सगळे संघ तीन-तीन निष्णात चालक घेऊन आले तर हौशी मालक दुसऱ्याच वर्षी घरी बसेल. म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने, एफआयएने, चालकांना चार प्रतींत विभागलं आहे : प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. फॉर्म्युला वनमधले, कंपनीच्या पगारी संघातले वरच्या प्रतीत. तिशीनंतर पहिल्यांदा शर्यतीचा परवाना काढलेला हौशी ब्राँझ. पन्नाशी ओलांडली की मोठमोठे चालकही एकेक पायरी खाली उतरतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक एन्ड्युरन्स मालिकेच्या एलएमजीटी३ वर्गात २०२४पासून नियम असा, की प्रत्येक गाडीत एक ब्राँझ हवाच, दुसरा सिल्व्हर किंवा ब्राँझ, आणि तिसरा कोणत्याही प्रतीचा चालेल. ब्राँझने ठरावीक किमान वेळ गाडी चालवलीच पाहिजे. त्याला नुसतं पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघाच्या जागेत, बसवून ठेवता येत नाही.

या नियमाने धंद्याची सगळी गंमत केली आहे. समजा तुम्ही बावीस वर्षांचे आहात, प्रत सिल्व्हर, पण वेग गोल्डवाल्याचा. मग सगळे संघ तुमच्या मागे. 'फास्ट सिल्व्हर'ची भूक या धंद्यात कायम असते. तुम्ही दोन मालिका जिंकता, एफआयए तुमची प्रत वाढवून गोल्ड करते, आणि पुढच्या हंगामात फोन वाजायचा थांबतो, कारण सिल्व्हरच्या जागेत आता तुम्ही बसत नाही आणि गोल्डच्या जागेसाठी तुमच्यापुढे कंपनीचे पगारी चालक उभे असतात. चांगलं काम केलं म्हणून पोटावर पाय येणारे धंदे जगात फार नसावेत. प्रत वाढवू नका, असे अर्ज चालक करतात, ते याच कारणाने.

मग वरच्या जागेवरचा चालक नेमका कशाचे पैसे घेतो? एक फेरी वेगात मारणं आवश्यकच, पण ते सुरुवातीचं भांडवल. एन्ड्युरन्समध्ये तुम्ही गाडी दुसऱ्याच्या हवाली करता. ती कशी करता, यावर तुमचं नाव ठरतं. पिटमधला चालक-बदल जवळून पाहा. गाडी थांबायच्या आतच उतरणाऱ्याने पट्टे सैल केलेले असतात. दार उघडतं, तो बाहेर पडताना रेडिओची वायर आणि पाण्याची नळी सोडवतो आणि स्वतःच्या अंगाच्या मापाची गादी उपसून नेतो. दुसरा आत घुसतो, आणि बाहेर आलेलाच वाकून त्याचे पट्टे आवळतो. हे सगळं इंधन भरायच्या वेळेत बसलं पाहिजे. ज्याचे पट्टे आवळायचे तो माणूस गाडीचा मालक असू शकतो, ताण आलेला, घामाने थबथबलेला. त्याला दोन शब्दांत सांगायचं असतं : तिसऱ्या वळणावर तेल पडलंय, मागचे टायर संपत आलेत, ब्रेक लवकर लाव. चालकाला स्वतःच्या सोयीची गाडीही मागता येत नाही. गाडीची मागची बाजू जरा निसटती असलेली त्याला आवडते, मालकाला त्याची भीती वाटते. मग गाडी मालकाच्या मनासारखी लावायची आणि त्यातूनच वेळ काढायचा. आदल्या दिवशी मालकासोबत बसून दोघांच्या फेऱ्यांचे आलेख एकावर एक ठेवून, तू ब्रेक कुठे लवकर सोडतोस, हे त्याचा मान राखून दाखवायचं. माझ्या मते या पेशातलं निम्मं काम शिकवणीचं आहे.

गाडी वाटून घेण्यावर एखाद्याचं नशीब कसं फिरतं, याचं उदाहरण आपल्या माणसाशीच जोडलेलं आहे. २००९मध्ये कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन कोलेस संघाच्या ऑडीतून ल मान्सला उतरणार होता. शर्यत सुरू व्हायच्या आधी पिटच्या भिंतीवरून पडून त्याचा खांदा निखळला. उरलेल्या दोघांनी, चार्ल्स झ्वोल्समन आणि आंद्रे लॉटररने, चोवीस तास दोघांतच वाटून घेतले आणि सातवा क्रमांक काढला. लॉटरर तोवर जपानमध्ये शर्यती मारत होता, युरोपला त्याची फारशी आठवण नव्हती. पुढच्या वर्षी ऑडीने त्याला पगारी संघात घेतलं. २०११, २०१२ आणि २०१४ची ल मान्स त्याने जिंकली. नारायणचं नशीब त्या बाबतीत रुसलं. पण २०१९मध्ये जपानच्या सुपर जीटीत होंडा चालवताना त्याने फुजीला जर्मन डीटीएम आणि सुपर जीटीच्या संयुक्त शर्यतीत बाजी मारली. ल मान्समध्ये प्रत्यक्ष धावलेला पहिला भारतीय ठरला चेन्नईचा करुण चांढोक. साल २०१२, जेआरएम संघ, जोडीला डेव्हिड ब्रॅबहॅम आणि पीटर डम्ब्रेक, एकंदर सहावा क्रमांक.

नव्या पिढीतल्या दोन मुलांची वाट शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. २०११मध्ये फोर्स इंडियाने देशभरातून मुलं निवडायची मोहीम काढली होती. त्यातून वर आलेल्यांत मुंबईचा जेहान दारूवाला होता आणि बंगळुरूचा अर्जुन मैनी. जेहान फॉर्म्युलाच्या शिडीवर टिकून राहिला. डिसेंबर २०२०मध्ये साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय, पुढे मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणी, मग २०२४मध्ये विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईमध्ये मासेरातीची जागा. फॉर्म्युला टूचा एक हंगाम वीस-पंचवीस कोटी रुपयांच्या घरात जातो, असं त्या वर्तुळात बोललं जातं, आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर रांग अडकलेली असते. अर्जुन २०१८मध्ये फॉर्म्युला टूपर्यंत गेला आणि वळला. २०१९मध्ये ल मान्सला एलएमपी२ या प्रोटोटाइप वर्गाच्या गाडीत, २०२१पासून डीटीएममध्ये जीटी३ गाडीत. त्याच २०२१मध्ये आशियाई ल मान्स मालिकेत 'रेसिंग टीम इंडिया' उतरली, तेव्हा गाडीत नारायण, अर्जुन आणि हौशी चालक नवीन राव असे तिघे होते. वर सांगितलेलं गणित इथे भारतीय नावांत मांडलेलं दिसतं. वेगाच्या कसोटीवर जेहान कुठेही कमी नव्हता. पण पेशा म्हणून पाहिलं तर अर्जुनची वाट जास्त शहाणी होती, असं मला वाटतं. स्पोर्ट्‌स कारमध्ये जागा शेकड्यांनी आहेत आणि चालक चाळिशीतही कामाचा असतो.

आता परंदवडीचं बोलू. शर्यतीचा परवाना भारतात एफएमएससीआय ही संघटना देते. मोठे ट्रॅक चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला. महाराष्ट्रात पोरं घडली ती बरीचशी कोल्हापूरच्या मोहितेंच्या कार्टिंग ट्रॅकवर. तिकडचाच कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटिश एफ३ मालिकेत शर्यत जिंकून आला. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' होते, पण ती सरळ रेषेतली स्पर्धा. वळणावर गाडी सांभाळणं तिथे शिकता येत नाही. तळेगावजवळ नाणोलीला, जिथलं नाव आजवर शर्यतीच्या घोड्यांसाठी घेतलं जायचं, मोटारींचा ट्रॅकही आकाराला आला आहे. परंदवडीपासून तो हाकेच्या अंतरावर म्हणावा असा.

मुलाचा कॉम्प्युटरवरचा गेम मात्र हसण्यावारी नेऊ नका. ब्रिटनचा यान मार्डनबरो प्लेस्टेशनच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३मध्ये ल मान्सला आपल्या वर्गात तिसरा आला. संघांची तयारीही आता मोठ्या प्रमाणात सिम्युलेटरवर होते. त्या पालकांनी विचारलंच आहे म्हणून सांगतो : पहिल्या वर्षी गाडीवर खर्च करू नका. भाड्याच्या कार्टवर महिनाभर सोडा, आणि रात्रीच्या गेममध्ये त्याला एकट्याने धावू देण्याऐवजी एक गाडी तिघांनी वाटून घेण्याच्या लांब शर्यतीत बसवा. तीन तासांनंतर सोबत्याच्या हाती गाडी धड देतो का, तेवढं पाहा. इंग्रजी आणि हिशेब दोन्ही पक्के करून घ्या, कारण पुढे त्याला इंजिनिअरशीही बोलायचं आहे आणि पैसेवाल्या माणसाशीही.

पुढच्या लेखांकात पिटमधली माणसं : टायर बदलणारे, आलेख वाचणारे, आणि चाकण-तळेगावच्या कारखान्यांतून त्या कामाकडे वळता येतं का.