वाळल्या द्राक्षांची गोड वाइन आणि उतारवय

इटलीची सहल करून आलेली ज्येष्ठ मंडळी अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. ‘डॉक्टर, तिथे जेवणानंतर इवल्याशा पेल्यात गोड वाइन देतात, ती आम्हाला चालते का?’ कधी मुलगा किंवा सून तिची बाटलीच भेट म्हणून घेऊन येते. या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी ती वाइन कशी तयार होते, हे आधी समजून घ्यायला हवे.

टस्कनी प्रांतातील ‘विन सान्तो’, म्हणजे शब्दशः ‘पवित्र वाइन’, ही या कुळातील सर्वांत प्रसिद्ध. त्रेब्बियानो आणि माल्वाझिया जातींच्या द्राक्षांचे निवडक घड शरद ऋतूत तोडतात आणि हवेशीर माळ्यावर तुळयांना टांगतात किंवा बोरूच्या चटयांवर पसरतात. तेथे ते काही महिने सावकाश सुकतात. आपल्या तासगाव-सांगलीकडे बेदाणा पंधरवड्यात तयार व्हावा म्हणून द्राक्षे विशिष्ट द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर वाळवतात. टस्कनीत ही घाई नसते आणि द्राक्षे पूर्ण कोरडीही होऊ देत नाहीत. पाणी उडते, साखर व सुगंध दाट होतात. मग ती पिळून रस लहान लाकडी पिंपांत भरतात आणि पिंपे बंद करून माळ्यावरच ठेवतात. उन्हाळ्यात माळा तापला की रस आंबू लागतो, हिवाळ्यात ती क्रिया थबकते, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू होते. असे किमान तीन वर्षे चालते. शेवटी रसातील साखर आणि वाढलेला मद्यार्क यांपुढे यीस्ट थकते, आणि न आंबलेली साखर वाइनमध्ये उरते. हा गोडवा द्राक्षांचाच, वरून घातलेला नव्हे. मात्र बाटलीवर ‘लिकोरोसो’ असे लिहिलेले असेल, तर तिच्यात वरून मद्यार्क मिसळलेला आहे असे समजावे.

सिसिलीच्या दक्षिणेला पान्तेल्लेरिया बेटावर हेच काम भर उन्हात चालते. तेथील बुटक्या, वाऱ्यापासून खड्ड्यात जपलेल्या द्राक्षवेलींच्या लागवडीला युनेस्कोने 2014 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

आता शरीराकडे वळू. विन सान्तोत साधारण 16 टक्के मद्यार्क धरला, तर 50 मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे 6 ग्रॅम मद्यार्क येतो, आणि गोड प्रकारात 5 ते 10 ग्रॅम साखर. आकडे लहान वाटतात, कारण पेलाच लहान असतो. नेहमीच्या वाइनसारखा 150 मिलिलिटरचा पेला भरला, की तेच तिप्पट होतात. शिवाय वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच मद्यार्काचा रक्तातील अंश तरुणपणापेक्षा अधिक चढतो. गोडव्यामुळे हे जिभेला कळत नाही.

‘वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकतो. कृपया त्यावर विसंबू नका. मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात 1988 पासूनच स्थान आहे, आणि पूर्णतः निर्धोक अशी मात्रा सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले. जे कधीच घेत नाहीत त्यांनी प्रकृतीसाठी म्हणून सुरुवात करू नये. जे घेतात त्यांनी ती चवीसाठी घ्यावी, क्वचित आणि जेवणानंतर.

काहींनी मात्र तो लहान पेलाही टाळावा. झोपेच्या किंवा चिंताशामक गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, मेट्रोनिडाझोल चालू असेल, यकृताचा विकार असेल किंवा वारंवार तोल जात असेल, तर मुळीच नको. मधुमेहावर ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांबाबत मला विशेष काळजी वाटते. वाइन गोड असूनही मद्यार्कामुळे काही तासांनी, कधी मध्यरात्री, रक्तातील साखर घसरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे पाहून घरचे म्हणतात, ‘जरा चढली असेल, झोपू द्या.’ असे झोपू देणे जिवावर बेतू शकते. ताबडतोब ग्लुकोमीटरने साखर तपासा. ती कमी असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठा.

टस्कनीत या वाइनसोबत ‘कान्तुच्ची’ ही बदामाची कडक बिस्किटे देतात, ती पेल्यात बुडवून खातात. कवळी वापरणाऱ्यांना ही पद्धत सोयीची आहे. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर बिस्किटे टाळावीत.

घरी प्रयोग करण्याचा मोह होईल. आपल्याकडे परवान्याशिवाय मद्य तयार करणे कायद्याला मान्य नाही, आणि बंद बरणीत रस आंबताना वायू साठून काच फुटते, म्हणून तो विचार सोडावा. शक्तिवर्धक म्हणून घेतल्या जाणाऱ्या द्राक्षासवातही आंबण्यातून तयार झालेला मद्यार्क असतो. बाटलीवर त्याचे प्रमाण छापलेले असते. औषधांची यादी डॉक्टरांना सांगताना ही बाटलीही सांगा.

भेट आलेली बाटली उघडल्यावर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली, तर काही आठवडे टिकते. घरात स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती असेल, तर मात्र ती कुलपात ठेवा. रंग थेट खोकल्याच्या औषधासारखा दिसतो, आणि चव गोड लागते.