गुण नेमके कशाचे?

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पालघर तालुक्यातल्या मुरब्यासारख्या गावात पालक निकालाला ‘पास का?’ एवढंच विचारत. मग प्रगतिपुस्तकात श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा वाटा 70 टक्के, संकलितचा 30 ठरला. सातवी-आठवीला 40 आणि 60. मूल शिकताना कुठे अडलंय ते आकारिकने दाखवायचं, सत्राअखेर किती जमलं ते संकलितने. ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. पण नापास करायचं नाही म्हणजे परीक्षाच नाही, असा समज पसरला आणि नोंदी नुसत्या भरल्या जाऊ लागल्या. 2015 मध्ये पायाभूत चाचण्या आल्या, 2023-24 पासून पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा.

खरा धडा दहावीने दिला. राज्याचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये अभ्यासक्रम नवा होता, शिवाय भाषांच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण काढले, निकाल 77.10 वर आला. हे गुण परतले आणि 2020 चा निकाल 95.30 लागला. 2021 मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखीचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 असे गुण धरले, निकाल 99.95. एवढ्या थोड्या काळात मुलांची कुवत अशी खालीवर होत नाही. बदललं होतं ते मोजमाप.

मोजमाप चांगलं की नाही, हे दोन गोष्टींवरून कळतं. दोन परीक्षकांनी तपासूनही गुण तेच पडले, तर चाचणी विश्वसनीय. जे तपासायचं तेच तपासलं, तर ती सप्रमाण. किनाऱ्यावरच्या घरात मांगेली बोली बोलणारं मूल शाब्दिक उदाहरणात अडलं, तर ते गणितात कच्चं की पुस्तकी मराठीत, हे आधी पाहायला हवं.

असंच एक शाब्दिक उदाहरण घेऊ. ऑगस्ट 2021 मध्ये मुरब्याच्या एका बोटीला 157 घोळ मासे मिळाले, ते सुमारे 1 कोटी 33 लाखांना गेले. एका माशाची सरासरी किंमत किती? भागाकाराने सुमारे 85 हजार. मुरब्यातलं मूल मात्र सांगेल की सगळ्या घोळींना सारखा भाव नसतो. नराच्या पोटातल्या पिशवीला जास्त पैसे मिळतात. उत्तरपत्रिकेत याला गुण नाहीत. आकारिक नोंदवहीत हे वाक्य बाईंनी लिहून ठेवावं.