छोट्या मोटारीवरची अक्षरे

मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने मोटारीवर लेख लिहावा, हे काही जणांना रुचणार नाही. "तू कशाला त्या भानगडीत पडतोस?" असे आमच्या वर्गातच मला विचारून झाले आहे. पण ज्या मोटारीविषयी मी लिहिणार आहे ती जेमतेम हातभर लांबीची आहे, आणि तिच्या यंत्रापेक्षा तिच्या अंगावरच्या अक्षरांशीच माझा अधिक संबंध आला. तेव्हा हा लेख मोटारीचा नसून अक्षरांचा आहे, असे कोणी म्हटले तरी माझी हरकत नाही.

रेडिओ-नियंत्रित मोटार म्हणजे हातातल्या रिमोटने, बिनतारी लहरींच्या साहाय्याने चालवायची छोटी मोटार. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ या गाडीची एकास बारा प्रमाणातील अशी प्रतिकृती बाजारात आणली. आज एकास दहा हे प्रमाण अधिक प्रचलित आहे. या मोटारीचे दोन भाग असतात. खाली चाके, बॅटरी आणि मोटर असलेला सांगाडा आणि वर टोपीसारखे बसणारे पातळ कवच. शौकीन मंडळी त्याला 'बॉडी' म्हणतात. ही बॉडी पुष्कळदा काचेसारखी पारदर्शक येते. तिला रंग द्यायचा आणि तिच्यावर अक्षरे, पट्टे, चित्रे चिकटवायची, हे काम मालकाचे. या चिकटवायच्या अक्षराचित्रांना 'डीकॅल' म्हणतात.

हा शब्द मूळ फ्रेंच. 'देकाल्के' म्हणजे छाप उतरवून घेणे. एका जागी छापून दुसऱ्या जागी उतरवणे ही युक्ती जुनीच आहे. १७५६ साली लिव्हरपूल येथे जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी कागदावरची छाप चिनी मातीच्या फरशांवर उतरवून सहा तासांत बाराशे फरशा छापल्याचे शपथेवर नमूद केले. पुढे विसाव्या शतकात माक्स अर्न्स्टसारख्या अतिवास्तववादी चित्रकारांनी ओला रंग दाबून उचलण्याच्या तंत्राला हेच नाव दिले. म्हणजे कला शाखेचा या विषयावर थोडासा हक्क आहेच!

आपल्याकडे मात्र डीकॅल म्हटले तर कोणी ओळखणार नाही. 'रेडियम' म्हटले की लगेच ओळखेल. रिक्षाच्या पाठीवरचे, स्कूटरच्या पुढच्या बाजूचे, टॅक्सीच्या काचेवरचे सगळे रेडियम. क्यूरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या त्या मूलद्रव्याचा कणही त्या चकाकत्या चिकटपट्टीत नसतो. पण नाव पडले ते पडले, आणि ते कापून देणारा झाला रेडियमवाला.

आता मूळ कारणाकडे येतो. माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवीत. गाडी अर्थातच काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली, आणि टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरलेले असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर राहिली नाही. आमची त्याआधीच भंगारात गेली होती. घरात तिचा एकच फोटो आहे आणि तो समोरून काढलेला आहे. तिच्या मागच्या काचेवर 'पांडुरंग कृपा' अशी पिवळी अक्षरे होती; ती कुठल्याच फोटोत नाहीत. मामेभावाने आपली जुनी रिमोटची मोटार मला दिली, तेव्हा तिची टॅक्सी करायची आणि ती अक्षरे पुन्हा लिहायची असे मी ठरवले. पद्मिनीची हुबेहूब बॉडी मला मिळाली नाही. चौकोनी वळणाची, चार दारांची एक मिळाली, तिच्यावर भागवले.

पहिला धडा रंगाचा. ही बॉडी पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. ते वाकते, पण सहजासहजी फुटत नाही. म्हणूनच मोटार भिंतीवर आपटली तरी निभावते. पण दाराखिडक्यांचा साधा ऑइलपेंट त्यावर टिकत नाही. बॉडी वाकली की रंगाचे पापुद्रे निघतात. पॉलिकार्बोनेटसाठी वेगळा, लवचिक रंग मिळतो तोच घ्यावा, आणि तो आतून द्यावा. बाहेरून पाहणाऱ्याला प्लॅस्टिकच्या आड तो चकचकीत दिसतो आणि ओरखडे बाहेरच्या बाहेर राहतात. काचेच्या मागून रंगवलेली जुनी चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही रीत समजेल. जे सर्वांत पुढे दिसायचे ते सर्वांत आधी रंगवायचे. मी खिडक्या आतून चिकटपट्टीने झाकल्या, आधी काळा रंग दिला, मग छताला पिवळा, आणि पिवळ्याच्या पाठीमागे पांढरा. तो पांढरा दिला नाही तर पिवळा फिका, मळकट दिसतो.

रंग आतून, पण अक्षरे बाहेरून. आतून लावायची झाली तर ती उलटी, आरशातल्यासारखी छापावी लागतात आणि रंगाच्या आधी लावावी लागतात. नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

अक्षरांसाठी तीन प्रकारचे साहित्य आहे. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे डीकॅल फार पातळ आणि सुंदर असते, पण ते शोभेच्या, न हलणाऱ्या प्रतिकृतींसाठी. वाकणाऱ्या, आपटणाऱ्या बॉडीवर ते तडकते. दुसरे म्हणजे घासून उतरवायची तयार अक्षरे. तीही सहज खरवडली जातात. तिसरे व्हायनलचे, म्हणजेच आपले रेडियम. रिमोटच्या मोटारीला तेच योग्य.

घरच्या छपाईयंत्रावर व्हायनलचा चिकट कागद छापता येतो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. घरच्या यंत्रात पांढरी शाई नसते! कागद पांढरा असतो म्हणून आपल्याला पांढरे दिसते इतकेच. पारदर्शक चिकटपट्टीवर मी पिवळी अक्षरे छापली आणि काळ्या रंगावर लावली, तर अक्षरे जणू विरघळून गेली. छपाईची शाई पारदर्शक असते, खालचा काळा रंग तिला गिळून टाकतो. यावर उपाय दोन. पांढऱ्या व्हायनलवर छापून कडेने कापणे, किंवा मुळातच रंगीत व्हायनलमधून अक्षर कापून काढणे. छापले असेल तर शाई एक दिवस वाळू द्यावी आणि वरून पारदर्शक पट्टी लावावी. नाहीतर पहिल्याच ओल्या बोटाने ती पसरते.

मापाचे काम मात्र मोठे मजेचे आहे. मोटारीची पाटी पाचशे बाय एकशेवीस मिलिमीटरची असते आणि तिच्यावरच्या अक्षरांची उंची पासष्ट, जाडी दहा व मधले अंतर दहा मिलिमीटर असे नियमात ठरलेले आहे. एकास दहा प्रमाणात पाटी पन्नास बाय बारा, अक्षर साडेसहा, जाडी एक आणि अंतरही एकच मिलिमीटर! टॅक्सीची म्हणून पिवळ्यावर काळी. ही मी पांढऱ्या व्हायनलवर छापली आणि ती पहिल्याच प्रयत्नात साधली. बॉडीवरची वक्र जागा मोजायची असेल तर पट्टीने मोजू नये. त्या जागेवर कागदी चिकटपट्टी लावावी, कडा पेन्सिलीने गिरवाव्यात, पट्टी अलगद उचलून पुठ्ठ्यावर सपाट चिकटवावी आणि कापावी. तोच आपला साचा. अक्षर आधी साध्या कागदावर काढून जागेवर ठेवून पाहावे. व्हायनलपेक्षा कागद स्वस्त असतो.

खरी परीक्षा झाली ती 'पांडुरंग कृपा'ची. आमच्या गल्लीच्या टोकाला रेडियमचे दुकान आहे. नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून सरकारमान्य पाट्या सक्तीच्या झाल्या, तेव्हापासून दुकानातल्या काकांचे नंबरप्लेटचे काम बरेच आटले. आता बहुतेक कापणी यंत्र करते. माझा कागद पाहून ते म्हणाले, "एवढंसं अक्षर मशीन चावून टाकेल. पातं घे आणि हाताने काप." आणि त्यांनी मला पाते धरायला शिकवले. वरचे व्हायनल कापले जावे, पण खालचा कागद शाबूत राहावा, इतकाच दाब. वळणावर पाते न फिरवता कागद फिरवायचा. टोकदार कोपरे किंचित गोल करायचे, कारण चिकटपट्टी उचकटायला सुरुवात कोपऱ्यापासून होते.

त्या दिवशी आपल्या लिपीविषयी जे मला कळले ते कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचले नव्हते. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे. कापले की दहा तुकडे दहा दिशांना. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. 'कृपा' हा शब्द एका तुकड्यात उचलला जातो. एखाद्या दांडीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरे तिला लटकलेली असतात. पण अनुस्वार? तो शिरोरेषेच्या वर, कोणाचाही आधार नसलेला. साडेसात मिलिमीटरच्या अक्षराला तो जेमतेम एक मिलिमीटरचा ठिपका. पहिल्या खेपेस दोन्ही ठिपके पात्याला चिकटून गेले आणि माझ्या टॅक्सीवर 'पाडुरग कृपा' झाली! काका हसले आणि त्यांनी युक्ती सांगितली. नको असलेला भाग सोलून काढल्यावर संपूर्ण शब्दावर वरून एक साधी पारदर्शक चिकटपट्टी दाबायची आणि शब्द तिच्यासकट उचलायचा. मग ठिपके आपापल्या जागी राहतात. बॉडीवर बसवून झाले की वरची पट्टी सावकाश, तिरपी ओढून काढायची.

लावण्याची रीतही सांगून टाकतो. बॉडी आधी साबणाने धुवावी, कारण बोटांचा तेलकटपणा चिकटपणाचा शत्रू आहे. मग वाटीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ते पाणी जागेवर शिंपडावे. ओल्या पृष्ठभागावर डीकॅल लगेच धरत नाही, हवे तसे सरकवता येते. जागा पक्की झाली की जुन्या कार्डाला फडके गुंडाळून मधून कडेकडे पाणी काढावे. वळणावर सुरकुती पडू लागली तर केस वाळवण्याच्या यंत्राची किंचित ऊब द्यावी. जास्त दिली तर व्हायनल ताणून अक्षर बेढब होते आणि बॉडीही वाकडी होते. तरीही दोन्हीकडून वळणारा भाग ऐकत नसेल, तर शिंपी कापडाला टक घालतो तसा बारीकसा छेद देऊन कडा एकमेकींवर घ्याव्यात. बुडबुडा राहिलाच तर सुईने टोचून दाबावा. आणि रात्रभर मोटारीला हात लावू नये, हे सर्वांत कठीण.

तयार टॅक्सी मी बाबांपुढे ठेवली. अक्षरे मागच्या काचेच्या बरोबर मधोमध, पट्टीने मोजून लावली होती. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "अक्षरं बरोबर आहेत. जागा चुकली."

मी विचारले, "चुकली म्हणजे?"

"मधे नव्हती ती. खाली होती, रबराला टेकून. मधे लावली तर आरशातून मागची गाडी कशी दिसणार? तेवढी दोन बोटांची पट्टी आरशात खाली दिसायची. सरळ वाचता यायची."

मला आधी हे पटेना. काचेवरची अक्षरे आतून उलटी दिसणार, मग ती सरळ कशी वाचता येतील? कागदावर रेघा मारून पाहिल्यावर उलगडा झाला. आतून उलटे दिसणारे अक्षर आरशात पुन्हा उलटते, म्हणजे सरळ होते. मागून येणाऱ्यांना जे वाचायला मिळे, तेच बाबांना पुढे बघताबघता वाचता येत होते. मी इतके दिवस समजत होतो की ती अक्षरे लोकांसाठी आहेत.

दुसऱ्या दिवशी मी ती काढली. ऊब देऊन व्हायनल निघाले, पण एक अनुस्वार पुन्हा हरवला. काकांकडे जाऊन पुन्हा कापले आणि या वेळी खाली, कडेला टेकवून लावले. बाबांनी रिमोट हातात घेऊन चाळीच्या गॅलरीतून दोन फेऱ्या मारल्या. तिसरीत मोटार पाण्याच्या पिंपावर आपटली. बॉडी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. अक्षरे जागच्या जागी होती.

माझ्या सहाध्यायांना एवढेच सुचवायचे आहे. हा छंद ज्यांना करायचा त्यांनी जरूर करावा. खर्च फार नाही, धीर मात्र लागतो. पण मोटार नसली तरी एक काम प्रत्येकाला करता येईल. आपल्या घरच्या रिक्षेवरची, टेम्पोवरची, दुकानाच्या पाटीवरची अक्षरे एकदा नीट पाहून, मोजून, मागूनपुढून फोटो काढून ठेवा. आणि ज्याने ती लावून घेतली त्याला विचारा की ती तिथेच का लावली. बाबांना विचारण्याआधी मी पट्टीने मोजले होते, आणि मोजमाप बरोबर असूनही जागा चुकली होती.