घोटभर औषधाची किंमत : ॲक्शन गेममधील लढाई जिंकते कशावर?

पेडणे, डिचोली परिसरातील कालोत्सवात दशावतारी नाटक पाहिलेल्यांना रंगमंचावरील युद्धाची रीत परिचित आहे. वाद्यांच्या ठेक्यावर दोन पात्रे तलवारी परजतात, वार करतात, मागे सरतात. त्या युद्धात मध्येच थांबून कोणी औषध घेत नाही. आजची तरुण पिढी ज्या ‘ॲक्शन रोल-प्लेइंग’ गेममध्ये रमते, तेथे मात्र ही मुभा असते. ती कोणत्या अटींवर दिली आहे, यावर लढाईचे स्वरूप ठरते.

या प्रकारात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, त्याची शक्ती व शस्त्रे वाढवत नेतो आणि प्रत्यक्ष लढाई स्वतःच्या हातांच्या चपळाईने लढतो. पात्राची प्राणशक्ती घटली की औषध, अन्न किंवा मंत्राने ती भरून काढता येते.

फुकटचे औषध, स्वस्त लढाई

२०११ मधील ‘स्कायरिम’मध्ये सामानाची यादी उघडताच युद्ध थबकते. शत्रूची तलवार हवेत असताना खेळाडू निवांतपणे पोटभर खाऊन पुन्हा लढायला उभा राहू शकतो. येथे कसोटी लागते ती साठ्याची. हाताच्या चपळाईची नव्हे. २००० मधील ‘डायब्लो २’मध्ये कमरपट्ट्यातील बाटल्या कळफलकावरील १ ते ४ या कळांनी क्षणात रिचवता येत. २०१२ मधील तिसऱ्या भागात एका बाटलीनंतर दुसरीसाठी थांबणे भाग पडले आणि मारलेल्या शत्रूंकडून मिळणाऱ्या प्राणगोलकांचे महत्त्व वाढले. परिणामी, जखमी खेळाडूला मागे पळण्याऐवजी शत्रूंच्या गर्दीत शिरावे लागू लागले.

वेळ हेच मोल

२०११ च्या ‘डार्क सोल्स’ने वेगळा मार्ग धरला. तेथे ‘एस्टस’ या कुपीत मोजकेच घोट असतात. ती शेकोटीपाशी पुन्हा भरते. पण तेथे विसावताच मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे राहतात. शिवाय घोट घेण्यास काही क्षण लागतात आणि तेवढ्यात बगल देता येत नाही. त्यामुळे ‘औषध आहे का’ यापेक्षा ‘ते घेण्याइतकी सवड मिळेल का’ हा प्रश्न निर्णायक ठरतो. २०१५ च्या ‘ब्लडबोर्न’मध्ये जखम होताच त्वरित प्रतिहल्ला केल्यास गमावलेल्या शक्तीचा काही भाग परत मिळतो. एक खेळ संयम शिकवतो, दुसरा धाडस.

अंगठ्याची कसरत

औषधाइतकेच महत्त्व बटणांच्या मांडणीला आहे. कंट्रोलरवर डावा अंगठा पात्राला चालवतो. बऱ्याच खेळांत वस्तू बदलण्याची दिशादर्शक बटणेही त्याच बाजूला असतात. म्हणजे वस्तू निवडताना अंगठा उचलावा लागतो आणि तेवढा वेळ पात्र जागीच खिळते. ही अडचण ओळखून २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये निवडक वस्तू दोन बटणे एकत्र दाबून थेट वापरण्याची सोय देण्यात आली. ‘मॉन्स्टर हंटर’ मालिकेतील शिकारी पूर्वी औषध घेताना एका जागी थांबत असे. २०१८ च्या ‘वर्ल्ड’ भागात तो चालता-चालता पिऊ लागला. बदल छोटा, पण लढाईची लय पालटली.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला ॲक्शन गेम जगापुढे आणला. मराठी मुलुखातही असे खेळ घडू लागले असताना, येथील तरुण रचनाकारांनाही हेच गणित सोडवावे लागेल. औषध अति सुलभ केले तर पराभवाची भीती संपते. अति दुर्मीळ केले तर खेळाडू कंटाळून खेळच सोडतो. हरल्यावर ‘चूक माझीच होती’ असे ज्याला वाटते, तो पुन्हा खेळायला बसतो.

खेळणाऱ्यांसाठी यातून तीन साध्या गोष्टी निघतात. लढाईपूर्वीच नको असलेल्या वस्तू रांगेतून काढाव्यात. शत्रूचा वार संपल्यावर, अंतर राखूनच औषध घ्यावे. आणि बटण एकदाच दाबावे. घाबरून दोनदा दाबल्यास काही खेळांत दुसरा घोटही सुरू होतो आणि प्राण वाचवणारी कुपीच प्राणावर बेतते.