लिहील त्याचे बेणे खपेल



बोलणाऱ्याची बोरे विकतात, हे आपण जाणतोच. पण बोर चाखून घेता येते, उसाच्या बेण्याचे तसे नाही. काणी, गवताळ वाढ, लाल कूज हे रोग बेण्यातूनच येतात आणि कांडी बघून ते नेहमी ओळखू येत नाहीत. घेणाऱ्याला खरे-खोटे कळते ते वर्षभराने. तोवर पैसाही गेला अन् हंगामही. म्हणून तो बेणे घेताना मालापेक्षा माणूस पाहतो. आता ज्या माणसाची ओळखच नाही, त्याचा भरवसा कसा धरायचा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी एका कारखानदाराने शोधले आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर केला. पण लोखंडाने जमीन विषारी होते असा समज तेव्हा होता, त्यामुळे पहिले नांगर खपेनात. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोडजवळ माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. तेथून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवावी, हा मूळ हेतू. पण "आमचा माल उत्तम" एवढेच दर वेळी छापले असते तर कोणी दुसऱ्यांदा हाती धरले नसते. त्यांनी वाचणाऱ्याच्या उपयोगाचा मजकूर दिला. लोकांना ते इतके आवडले की त्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडेही निघाली. अमेरिकेत नांगर करणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ सालीच शेतकऱ्यांसाठी 'द फरो', म्हणजे 'तास', नावाचे पत्र काढले होते. मर्म दोघांचे एकच : आधी कामाची गोष्ट सांगा, मग माल आपोआप विचारला जातो.

किर्लोस्करांना त्यासाठी छापखाना लागला. आपल्याला खिशातला मोबाईल पुरतो. चुलबंदकाठी किंवा लाखनीच्या आसपास धानाच्या जोडीला ऊस घेणारे जे सभासद बेणेमळा राखतात, रोपवाटिका चालवितात किंवा चिन्नोर धान पिकवितात, त्यांनी हे करून पाहावे. पद्धत अशी :

१) आठवड्यातून एकदाच, पण ठरल्या वारी लिहावे. आज पाच निरोप अन् मग दोन महिने गप्प, याने विश्वास बसत नाही.

२) एका वेळी एकच गोष्ट सांगावी. लागवडीची तारीख, जात (उदा. को ८६०३२), बेणे कोठून आणले, प्रक्रिया काय केली, आज वय किती, हे आकड्यानिशी लिहावे. सोबत त्याच दिवसाचा फोटो द्यावा.

३) घेणाऱ्याला लागणारे ज्ञान द्यावे. बेणे १० ते ११ महिन्यांचे का असावे, खोडव्याचे बेणे का घेऊ नये, बेणे दर तीन-चार वर्षांनी का बदलावे, हे समजावून सांगावे. असे सांगणाऱ्याकडेच माणूस खरेदीला येतो.

४) उणेही लिहावे. बांधीत पाणी साचून एक कोपरा बसला असेल, तर "त्या कोपऱ्याचा ऊस बेण्याला देणार नाही" असे सरळ लिहावे. या एका ओळीने उरलेल्या उसाची पत वाढते.

५) भाव वाढवून किंवा उतारा फुगवून लिहू नये. शितावरून भाताची परीक्षा होते, तशी एका खोट्या आकड्यावरून सगळ्या लिखाणाची होते. आणि मोबाईलवर गेलेला शब्द परत घेता येत नाही.

लिखाणाने वाईट बेणे चांगले होत नाही, हे ध्यानात ठेवावे. पण चांगले बेणे ज्याच्याकडे आहे, तो गप्प बसला तर त्याचा ऊस गाळपालाच जातो, आणि शेजारचा शेतकरी अनोळखी माणसाकडून रोगट कांडी आणून लावतो. मग रोग एका बांधावर थांबत नाही, तो आपल्या शिवारातही येतो. तेव्हा ही नोंद ठेवणे विक्रीइतकेच आपल्या सर्वांच्या उसाच्या राखणीचे काम आहे. ज्यांना सुरुवात करावयाची असेल त्यांनी लागवडीच्या तारखेपासूनच वही घालावी. नोंदी कशा कराव्यात हे शेतकी विभागात येऊन विचारावे, आम्ही बसवून दाखवू.

— ऊस विकास अधिकारी